ठेवणीतली स्टेपनी

टायर घ्यायला माणूस कधी आनंदाने येत नाही. साडी घ्यायला येतो, सोनं घ्यायला येतो, फ्रीज घ्यायलाही घरची चार माणसं सोबत घेऊन हसत येतो. टायरच्या दुकानात मात्र तो दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखा येतो. "जरा बघता का, अजून चालतील ना?" हा त्याचा पहिला प्रश्न, आणि उत्तर त्याला घरून निघतानाच ठाऊक असतं. मरोळच्या आमच्या दुकानात काउंटरवर बसून मला वीसेक वर्षं होऊन गेली. "मला नवीन टायर हवेत," असं म्हणत आत आलेली गिऱ्हाइकं त्यात फार थोडी.

बाई आणि टायर हे काय समीकरण, असं अजूनही काही जण विचारतात. खरं तर मी इथे फोन उचलायच्या नोकरीला लागले होते. शेठ म्हणाले, फोनवर भाव सांगत जा. भाव सांगितला की माणूस विचारतो, ह्यात आणि त्यात फरक काय? तो फरक मलाच माहीत नसायचा, म्हणून मी आमच्या फिटरला, सलीमभाईला विचारायला लागले. सलीमभाई एका वाक्यात उत्तर द्यायचे, "मॅडम, आँख से नहीं, हाथ से देखने का." मग मी हात फिरवायला शिकले. तेव्हापासून माझी नखं कधी स्वच्छ राहिली नाहीत, आणि लग्नकार्यात मेंदी काढणारी मुलगी माझा हात धरून आधी नाक मुरडते.

बाहेरच्याला टायर म्हणजे एक काळी गोल वस्तू. सगळे सारखेच वाटतात. पण टायर निवडणं हे स्थळ निवडण्यासारखं आहे, सगळे गुण एका ठिकाणी मिळत नाहीत. कडक रबराचा टायर पुष्कळ टिकतो, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड बेताची. मऊ रबराचा टायर रस्ता घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. दिवसभर प्रवासी वाहणारा टॅक्सीवाला टिकाऊच मागतो, त्याचं पोट त्यावर आहे. जोगेश्वरीहून रोज इथल्या शाळेत येणाऱ्या एक शिक्षिका आहेत, त्यांच्या रस्त्यावर पावसाळ्यात पाणी साचतं. त्यांना मी खोल आणि रुंद खाचांचा टायर देते, कारण त्या खाचांतून पाणी बाहेर फेकलं जातं. खाचा झिजल्या की टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग ब्रेक मारा नाहीतर देवाचं नाव घ्या, गाडी आपल्या मर्जीने जाते.

आणि मग हौशी मंडळी. एका तरुणाला छोट्याशा गाडीला हे एवढे रुंद टायर हवे होते. मी म्हटलं, स्टिअरिंग पूर्ण वळवलंस की घासतील रे. तो म्हणाला, "ताई, घासू देत, लुक झकास पाहिजे." मेट्रोच्या कामाने खणलेल्या रस्त्यावरून आठवडाभर फिरला आणि बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला टायर घेऊन परत आला. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले, तो टायर गेला. "वाट लागली ना, ताई?" असं त्यानेच हसत विचारलं. असल्या गिऱ्हाइकांचा राग येत नाही, निदान ती मनातलं बोलून मोकळी होतात.

आपल्या मराठी माणसांचा मात्र एक वेगळाच रोग आहे. तो म्हणजे स्टेपनी जपण्याचा. स्टेपनी म्हणजे डिकीत ठेवलेलं पाचवं चाक, रस्त्यात एखादं पंक्चर झालं तर लावायचं. आपल्याकडे कपाटात एक ठेवणीतली साडी असते, एक ठेवणीतला डिनर सेट असतो, तशी गाडीत एक ठेवणीतली स्टेपनी असते. चार टायर टक्कल पडेपर्यंत वापरायचे आणि पाचवा कोरा राखायचा. का, तर वेळेला उपयोगी पडेल. ती वेळ कुठली, हे कुणी सांगत नाही.

गावडेकाका ह्या पंथाचे महंत. मरोळच्याच एका कारखान्यात फोरमन होते, रिटायर होऊन बराच काळ लोटला. राहतात आमच्या दुकानामागच्या सोसायटीत. त्यांची जुनी पांढरी गाडी मी इथे लागल्यापासून बघते आहे. तिची हवा भरायची तर काका स्वतः गेजवर नजर ठेवून उभे राहणार, आणि सलीमभाईंनी बोनेटवर हात टेकला तर "ओ, हात काढा," म्हणणार. माणूस प्रेमळ, पण गाडीच्या बाबतीत सोवळ्यातला.

गणपतीच्या आधी आमच्याकडे गर्दी असते. अर्ध्या अंधेरीचं गाव कोकणात, आणि वर्षभर टायरकडे न बघणाऱ्या सगळ्यांना त्याच महिन्यात घाट आठवतो. अशाच एका दुपारी काकांच्या मुलाचा, निलेशचा फोन आला.

"मीनाताई, एक काम होतं. बाबा उद्या टायर घ्यायला येणारेत. त्यांना सांगा ना, ह्या साइजचे टायर आता येत नाहीत."

"अरे, पण येतात. मागवावे लागतील, पण येतात."

"माहितीय हो. पण सांगा. नाहीतर ते आईला घेऊन गावी निघतील. स्वतः चालवत."

मग त्याने सगळं सांगितलं. काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर ठरलेलं. गेल्याच महिन्यात त्यांनी सोसायटीच्या खांबाला गाडी घासली होती. आणि काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना एसटी नाही, रेल्वे नाही. दर तासाभराने उतरून चार पावलं चालावं लागतं. गेल्या वर्षी भाड्याची गाडी केली होती. काकू सारखं थांबायला सांगतात म्हणून ड्रायव्हर चिडचिड करायला लागला. अर्ध्या वाटेवर काकू डोळे पुसत म्हणाल्या, घरी चला, मला नाही जायचं. तिथूनच परत आले. गावच्या घरातली मोठी सून ती, गौरीचा नैवेद्य तिच्या हातचा असायचा. दोन गणपती तिने मरोळच्या खिडकीत बसून काढले होते.

"ह्या वर्षी पण आई गेली नाही तर ती पुन्हा कधी विषयच काढणार नाही," निलेश म्हणाला. "आणि बाबांनी नेलं तर मी इथे जीव मुठीत धरून बसणार. मी काय करू, सांगा."

पोरगा वाईट नव्हता. घाबरलेला होता. मी म्हटलं, "खोटं मी सांगणार नाही. पण उद्या तू पण ये. जे काय आहे ते तुझ्यासमोर होऊ दे."

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मागोमाग निलेश, चेहरा परीक्षेला आल्यासारखा.

"मीना, तीन टायर काढ," काका म्हणाले.

"तीन? काका, गाडीला चाकं चार आहेत अजून."

"चौथा माझ्याकडे आहे. कोरा करकरीत! गाडीबरोबर आलेला. आजवर एकदाही रस्त्यावर उतरवला नाय."

त्यांनी डिकी उघडली. स्टेपनीला काकूंनी जुन्या फुलाफुलांच्या पडद्याचा अभ्रा शिवलेला होता, नाडीसकट. काकांनी नाडी सोडली आणि बाळ दाखवावं तसा टायर दाखवला. खरंच, नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते सगळेच्या सगळे जागेवर होते.

सलीमभाईंनी अंगठ्याचं नख रबरात रोवून बघितलं. रोवलं गेलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चाकावरून टायर उतरवायला घेतला. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. मी ते काकांना वाचून दाखवले. मग सलीमभाईंनी टायरची कड दोन्ही हातांनी वाकवली, आणि टाचेला पडतात तशा भेगा आडव्या उघडल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

काकांनी भेगेवरून बोट फिरवलं. "पण वापरलाच नाय तर खराब कसा होईल?"

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो, आणि प्रत्येक वेळी उत्तर देताना वाईट वाटतं. मी सांगितलं, रबर पडून पडून कडक होतं. चालता टायर दबतो, वाकतो, म्हणून त्याच्या आत जे तेलकट असतं ते सगळीकडे पोचत राहतं. नुसता ठेवला की सुकतो. आणि आपल्या डिकीतली उन्हाळ्याची ऊब तर विचारू नका. हा लावून घाटात गेलात तर फुटेल, काका.

काका स्टुलावर बसले. "अगो, पंक्चर झाला तरी मी ह्याला काढला नाय. एकदा वडखळला चाक काढून, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून पंक्चरवाल्याकडे गेलो. हिला उन्हात बसवून. कशाला? तर हा चिखलात मळेल म्हणून."

मला हसूही येत होतं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटत होता. पण काका तेवढ्यात उठले. "ठीक आहे. पाच घाल. मी नेतो तिला."

"बाबा, तुमचा डोळा—"

"माझ्या डोळ्याचं तू बोलू नको."

"खांब दिसला नाही तुम्हाला!"

"खांब चुकीच्या जागी बांधलाय. सोसायटीला पत्र दिलंय मी."

"मग मी चालवतो ना! लायसन काढून मला किती वर्षं झाली? कधी चावी दिलीत? एकदा दिलीत, तर बाजूला बसून गिअर तुम्हीच बदलत होतात!"

"तुला येते कुठे चालवायला?"

"दिलीत तर येणार ना, बाबा! दिलीत तर!"

 निलेशचा आवाज शेवटी चिरकला होता, आणि चाळिशीच्या माणसाचा आवाज असा चिरकला की ऐकणाऱ्यालाच खाली बघावंसं वाटतं. सलीमभाईंना बिचाऱ्यांना काय करावं कळेना. त्यांच्या हातात तो टायर तसाच होता. त्यांनी हळूच विचारलं, "काका, इसका क्या करूँ? भंगार में डालूँ?"

काकांनी टायरकडे बघितलं. मग मुलाकडे बघितलं.

"ह्याका पण मी तसोच ठेवलंय," ते म्हणाले. "डिकीत."

 निलेश रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मी उगीचच फोन उचलून कानाला लावला, पलीकडे कोणी नव्हतं.

मग काका माझ्याकडे वळले. "पण घाट आहे, मीना. पावसाचे दिवस."

तेव्हा माझ्या धंद्यातली एक गोष्ट कामाला आली. नवा टायर लगेच घाटात न्यायचा नसतो. साच्यातून निघताना त्याच्यावर एक तुळतुळीत थर राहतो, तो जाईपर्यंत, म्हणजे पहिले दोनेकशे किलोमीटर, टायर नीट धरत नाही. सावकाश चालवून त्याला मुरवावं लागतं. मी म्हटलं, "काका, टायर परवा येतील. मग गणपतीपर्यंत कुणीतरी गाडी रोज थोडी थोडी, हळू चालवायला हवी. टायर पण मुरतील आणि चालवणारा पण. मग ठरवा कुणी न्यायची ते."

काकांना मी काय करते आहे ते कळलं होतं. आयुष्यभर कारखान्यात माणसं सांभाळलेला माणूस तो. पण त्यांनी मान हलवली.

"कुठले घालू? नेहमीसारखे, जास्त टिकणारे?" मी विचारलं.

"नको. रस्ता धरणारे दे," काका म्हणाले. "टिकवून झालं माझं."

पुढचे रविवार म्हणजे तमाशा होता. बापलेक सकाळी गाडी घेऊन आरेच्या रस्त्याला जायचे. काका बाजूच्या सीटवर. एकदा निलेश एकटाच गाडी घेऊन दुकानात आला, आणि मागून दहा मिनिटांनी काका रिक्षातून. कुणी कुणाला उतरवलं होतं ते मी विचारलं नाही. निलेश म्हणाला, "मीनाताई, नाय जमणार. मी क्लच सोडायच्या आधी ते ओरडतात. हे मला मारतील, नायतर मी गाडी मारेन." काका म्हणाले, "ब्रेक मारतो की उंदीर मारतो? माझी मान निखळली." सलीमभाईंनी दोघांना चहा दिला आणि गाडीत बसून निलेशला दोन गोष्टी सांगितल्या. परक्याचं ऐकायला सोपं जातं.

ह्यावर उपाय शेवटी काकूंनी काढला. पुढच्या रविवारी त्या काठी टेकत खाली आल्या आणि म्हणाल्या, पुढे मी बसतंय, माझो पाय लांब करूचो आसा. तुम्ही मागे बसा. काका म्हणाले, मागून काय दिसणार? काकू म्हणाल्या, "तुमका काय बघूचा आसा? इतकी वर्सां बघलास मां? पुढे बसान नुसतो पाय आपटतास, खालची चटई फाटली बघा." काका मागे बसले. मागून ओरडत होते म्हणे, पण काकूंनी खिडकी उघडी ठेवली होती, अर्धं वाऱ्यावर गेलं.

निघायच्या दिवशी सकाळी तिघं हवा तपासायला आली. गाडी सामानाने भरलेली असली की हवा थोडी जास्त लागते, किती ते दाराच्या कडेवर कंपनीने लिहिलेलं असतं, लोक तिकडे बघत नाहीत. निलेशने न सांगता दार उघडून वाचलं आणि सलीमभाईंना आकडा सांगितला. काकू पुढच्या सीटवर पाठीला उशी घेऊन बसल्या होत्या, अंगावर जांभळी नऊवारी, चेहरा प्रसन्न. दोन वर्षांनी मी त्यांना असं बघत होते. काका मागच्या सीटवर बरोब्बर मधोमध, दोन सीटांच्या फटीतून मान पुढे काढून.

मी त्यांच्या खिडकीशी वाकले. "काका, माझ्यासाठी एवढं करा. घाटात बोलू नका. एक चकार शब्द नाही. त्याला आरशात तुमचं तोंड दिसलं तरी तो घाबरेल."

"बघतंय," काका म्हणाले. त्याचा अर्थ नाही असाच होता.

गाडी गेली. मी खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. दुपारी आकाश भरून आलं तेव्हा तर मला स्वतःचाच राग आला. निलेशने सांगितलं होतं, टायर येत नाहीत म्हणा. म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? तिघं घरी असती. कोणी तरी खिडकीत बसून रडलं असतं, पण घरी असती. टायर विकणारीच्या हातात एवढंच असतं, की माणूस बरा टायर लावून जातो. पुढचा रस्ता तिचा नसतो. सलीमभाई म्हणाले, "मॅडम, टायर मैंने खुद बिठाया है. आप टेन्शन मत लो." पण दर थोड्या वेळाने तेच बाहेर जाऊन आभाळ बघून येत होते.

संध्याकाळी निलेशच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे काकू होत्या, मागे झांजा आणि पोरांचा गलका.

"पोचलो गो, बाय. सुखरूप पोचलो."

माझा जीव भांड्यात पडला. "पाऊस होता ना घाटात? काका ओरडले का फार?"

"ओरडतले खयसून? अगो, हे निजले!"

"निजले?"

"घाट लागलो आणि ह्यांनी मान टाकल्यानी. मी घाबरान मागे हात लावन बघलंय, तर घोरतहत. लगीन झाल्यापासून मी ह्या माणसाक चालत्या गाडीत निजलेलो बघूक नाय, मीना. एक दिवस नाय." त्या हसत होत्या. "मी म्हटलंय, उठवूया, घाट बघूंदेत. तर निलेश म्हणता, आई, हाक मारू नको. आणि गाडी इतकी हळू घेतल्यान, इतकी हळू, मागचे सगळे हॉर्न मारूक लागले. तरी तो तसोच हळू चलवीत रवलो, बापूस जागो होयत म्हणान."